घरातलं एकच नाक

आमच्या घरात मांजरांचं पाळणाघर आहे. लोक परगावी जातात, दवाखान्यात भरती होतात, घराला रंग देतात, आणि तेवढ्या दिवसांपुरतं आपलं मांजर आमच्याकडे सोडून जातात. पुढच्या दोन खोल्या मांजरांच्या, मागच्या दोन आमच्या. आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्या नणंदेच्या. तिचं लग्न फार टिकलं नाही आणि ती भावाकडे राहायला आली; मग तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, गेला आणि आम्ही दोघीच उरलो. विधवा वहिनी आणि माहेरी परतलेली नणंद एका छपराखाली म्हटल्यावर शेजारपाजारचे लोक कान टवकारून बसले होते. त्यांची घोर निराशा झाली. आमचं छान चाललं होतं. मी तिला चिमी म्हणायचे, चिडवायचं असलं की वन्सं म्हणायचे, आणि हल्ली काहीच म्हणत नाही.

का ते सांगते.

मांजराचं खाणं हा आमच्या कामाचा कणा. मांजर नव्या जागेत आधीच बिथरलेलं असतं. त्यात ताटलीतलं अन्न जरा जरी उतरलेलं असलं, तर ते तोंड फिरवतं आणि कपाटाखाली जाऊन बसतं. कुत्र्याचं तसं नाही, कुत्रा पुढ्यात येईल ते गोड मानून घेतो. मांजराला घरी आलेल्या व्याह्यासारखं जपावं लागतं. म्हणून माझे नियम कडक होते. कोरड्या दाण्यांची पिशवी फोडली की दाणे त्याच पिशवीत ठेवायचे, हवा दाबून काढायची, तोंडाला चिमटा लावायचा आणि पिशवीसकट पत्र्याच्या डब्यात ठेवायची. डबा ओट्याखाली, अंधारात. जुन्यावर नवं ओतायचं नाही, कारण तळाचा तेलकट चुरा नव्यालाही बिघडवतो. ओलं खाणं डबीतून काढून झाकणाच्या भांड्यात, फ्रिजमध्ये, आणि तेही फार दिवस नाही. ताटलीत उरलं ते सरळ कचऱ्यात. फुगलेली डबी तर उघडायचीसुद्धा नाही.

आणि या सगळ्यांवर नाक. पिशवीवरची तारीख काहीही म्हणो, दाण्यांना जुन्या तळणीच्या तेलाचा किंवा ऑइलपेंटचा वास यायला लागला की ते गेले असं समजायचं. बुरशी दिसते, किडा दिसतो, पण तेल खवट झालेलं दिसत नाही. नासके दाणे आणि चांगले दाणे शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटतात. हे मी चिमीला शंभर वेळा सांगितलं असेल.

मग तो ताप आला. दोघींनाही एकदमच. एकीने दुसरीला पाणी द्यावं, तर दुसरीही आडवीच. ताप उतरला आणि माझा वास गेला. नाक जागच्या जागी, शोभेला. चहा म्हणजे गरम पाणी, साबण म्हणजे बुळबुळीत वडी. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. अजून यायचा आहे. चिमीचाही गेला होता. मी तिला म्हणाले, दोघींचीही नाकं गेली असतील तर पाळणाघर बंद करायला लागेल, लोकांची मुकी जनावरं अशी अंदाजपंचे सांभाळता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी ती न्हाणीघरातून ओल्या केसांनीच बाहेर आली आणि म्हणाली, वहिनी, मला साबणाचा वास आला. मी रडलेच. तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, चला, एका घराला एक नाक पुरे.

तेव्हापासून चिमी आमचं नाक झाली. सकाळी डब्याचं झाकण काढायची, वाकायची, माझ्याकडे पाहायची आणि सांगायची, ताजं आहे. फ्रिजमधलं भांडं उघडायची आणि सांगायची, ताजं आहे. मी दूध तिला हुंगायला लावायचे, पावसाळी दिवसांत न वाळलेले कपडे तिच्या नाकाशी धरायचे, शेगडीपाशी उभी राहून गॅसचा वास येतोय का म्हणून हाका मारायचे. ती हातातलं काम टाकून यायची. एकदाही कुरकुर केली नाही. मी येणाऱ्याजाणाऱ्याला तिचं कौतुक ऐकवायचे. म्हणायचे, स्वतःच्या नाकावर माशी बसू देत नाही, पण वहिनीसाठी जगातली घाण हुंगते.

त्याच सुमाराला तिने काचेच्या बरण्या आणल्या. मोठ्या, रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या फळीवर ओळीने मांडल्या, दाणे त्यांत ओतले आणि रिकाम्या पिशव्या टाकून दिल्या. मी विचारलं, अगं, डब्याने काय घोडं मारलं होतं? तर म्हणाली, डब्यात काही दिसत नाही, बरणीत कसं, काही झालं तर चटकन डोळ्यांना दिसतं. बरण्या देखण्या होत्या, खोटं कशाला बोलू. खिडकीतून ऊन आलं की दाणे चमकायचे. तरी मला ते पटलं नव्हतं. पटलं नाही हे बोलूनही दाखवलं. पण रोज सकाळी तिचं 'ताजं आहे' ऐकल्यावर वाद घालायला जागाच कुठे होती? नाक तिचं, मग बरण्याही तिच्या.

घड्याळवाले काका काजळीला घेऊन आले ते या बरण्यांच्या राज्यात. काकांचं चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसतात, बोलतात कमी. गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं आणि घरात दोघंच, ते आणि काजळी. काजळी म्हणजे राखाडी रंगाची, एक कान फाटलेली म्हातारी मांजर. काकांना तिच्याशिवाय कोणी नाही आणि तिला काकांशिवाय कोणी नको. त्यांनी टोपली खाली ठेवली, भिंतीला धरून सरळ उभे राहिले आणि मला म्हणाले,

"बाई, मी परत येईन तेव्हा ही मला अशीच हवी. मला दुसरं काही नको."

मी म्हटलं, अशीच मिळेल. मला खात्री होती म्हणूनच म्हटलं.

काकांनी थोडं खाणं बरोबर दिलं होतं. ते पुरलं तोवर काजळी शहाण्यासारखी जेवली. ते संपलं आणि आमचे दाणे सुरू झाले. काजळी ताटलीपाशी आली, हुंगलं, आणि पुढच्या पंजाने ताटलीभोवतीची फरशी खरवडायला लागली. मांजरं आपली घाण पुरताना करतात ना, अगदी तसं. मग शेपटी ताठ करून खिडकीत जाऊन बसली. मी म्हटलं, बाईसाहेब, नखरे पुरे. चिमीला बोलावलं. तिने बरणी उघडली, वाकली, माझ्याकडे पाहिलं, ताजं आहे म्हणाली. वर म्हणाली की काकांची आठवण येत असेल बिचारीला. मला ते पटलं. घरधनी नाही म्हटल्यावर माणसालाही घास जात नाही, हे मी अनुभवलेलं आहे.

मग मी काय काय केलं. ताटलीला साबण राहिला असेल म्हणून ती पुन्हा पुन्हा धुतली. जागा बदलली. फ्रिजमधलं ओलं खाणं कोमट केलं, कारण कोमट केलं की वास सुटतो आणि मांजराला भूक लागते. वास सुटला असणार जोरात. काजळी उलटी फिरली आणि पलंगाखाली गेली. दुसरा एक तांबूस बोकाही अर्धी ताटली सोडायला लागला. एका जोडीतल्या दोघींनाही जुलाब झाले. प्रत्येक वेळी मी चिमीला विचारलं आणि प्रत्येक वेळी ती वाकली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ताजं आहे, वहिनी. मी मांजरांना दोष दिला, उकाड्याला दिला, पाण्याला दिला. तिला द्यायचं मनातही आलं नाही.

माणूस हौसेने उपास करतो, मांजराला ते परवडत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर त्याचं लिव्हर बसायला लागतं, विशेषतः म्हाताऱ्या मांजराचं. काजळीने हाक मारल्यावर कान हलवायचं बंद केलं तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या जनावरांच्या डॉक्टर, आमच्याकडे नेहमी येणाऱ्या, तोंडाने फटकळ. त्यांनी काजळीच्या कानाची आतली बाजू उजेडात धरून पाहिली. ती पिवळट दिसत होती. हिला खायला काय देता, दाखवा, म्हणाल्या.

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. त्यांनी पहिल्या बरणीचं झाकण फिरवलं आणि मान एकदम मागे घेतली. दुसरी उघडली. तिसरी उघडली. चिमटीत दाणे घेऊन चुरडले, बोटं एकमेकांना चिकटली ती मला दाखवली. हे कधीचं आहे, त्यांनी विचारलं. कोणाला सांगता येणार? तारखा पिशव्यांवर होत्या आणि पिशव्या कचऱ्यात गेल्या होत्या. बरणी निम्मी झाली की चिमी वरून नवं ओतत होती, हेही मला तेव्हाच कळलं.

"हा वास तुम्हाला येत नाही?" त्यांनी मला विचारलं.

"मला कसलाच येत नाही," मी म्हणाले. "हिला येतो."

दोघींनी चिमीकडे पाहिलं. चिमीने डॉक्टरीणबाईंच्या आक्रसलेल्या तोंडाकडे पाहिलं, पुढे झाली, बरणीवर वाकली आणि म्हणाली, हो, आहे खरा थोडासा, आजच लागलेला दिसतोय.

थोडासा, असं डॉक्टरीणबाई स्वतःशीच पुटपुटल्या. दाण्यांवर तेल मारलेलं असतं, त्याला ऊन आणि वारा लागला की ते खवट होतं, आणि हे आजकालचं नाही, कित्येक आठवड्यांचं आहे, एवढं त्यांनी सांगितलं. फ्रिजमधलं भांडंही उघडून पाहिलं आणि न बोलता मोरीत उपडं केलं. काजळीला सलाइन लावलं, सुई टोचली, गाडीतून नवी पिशवी आणि मऊ खाण्याच्या डब्या आणून दिल्या. बिनसुईच्या सिरिंजने थोडं थोडं भरवा म्हणाल्या. जगेल का विचारलं तर म्हणाल्या, वय झालंय तिचं, खायला लागली तर जगेल.

त्या गेल्या. घरात आम्ही दोघी आणि त्या बरण्या.

मला आधी वाटलं, हिने जाणूनबुजून केलं. वास येत होता आणि आळसाने सांगितला नाही, पुन्हा सगळं धुवा, पुसा, नवं आणा, कोण करणार. कुंपणानेच शेत खाल्लं. मी तोंड उघडलं ते चांगली खरडपट्टी काढायलाच. पण तिचं ते डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे पाहणं माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. ती आधी तोंड पाहते आणि मग सांगते. माझ्याकडेही रोज पाहायची. मी त्याला माया समजत होते.

मी दोन वाट्या घेतल्या. तिच्याकडे पाठ करून एकीत नव्या पिशवीतले दाणे घातले, दुसरीत बरणीतले. दोन्ही तिच्यासमोर ओट्यावर ठेवल्या.

"यातलं नासकं कुठलं, ते सांग."

ती एका वाटीवर वाकली. मग दुसरीवर. मग माझ्याकडे पाहिलं. मी चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला माझ्या तोंडावरून काही मिळालं नाही आणि ती कावरीबावरी झाली. पुन्हा वाकली. इतक्या जोरात श्वास ओढला की वाटीतला चुरा हलला. शेवटी बोट दाखवलं. डॉक्टरीणबाईंच्या नव्या दाण्यांकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती खाली फरशीवरच बसली. "तापापासून."

"आणि तो साबण?"

"तू बंद करायचं म्हणत होतीस, वहिनी. मला वाटलं, आज नाही तर उद्या येईल माझा, तोवर म्हणू या आला म्हणून. मग तू रडलीस. मग रोजचंच झालं." आणि मग म्हणाली, "पाळणाघर बंद झालं असतं तर मी कुठे गेले असते?"

"मी तुला बाहेर काढलं असतं?"

यावर ती काहीच बोलली नाही. तिने नाही म्हणायला हवं होतं. निदान मान हलवायला हवी होती. एवढी वर्षं एका ताटातलं खाल्लं, एकमेकींची डोकी दाबली, तिच्या सासरचे भांडायला आले तेव्हा दारात मी उभी राहिले, आणि हिच्या मनात मी अशी होते: कामाची उरली नाही की हिला हाकलणारी. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. रक्त दिसत नाही म्हणून जखम कमी नसते.

बरण्यांचंही तिनेच सांगितलं. वास येत नाही म्हटल्यावर निदान डोळ्यांनी तरी पाहता यावं म्हणून आणल्या होत्या. लक्ष ठेवता यावं म्हणून उजेडात मांडल्या. ज्या उजेडात ती रोज नीट निरखून पाहायची, त्याच उजेडाने दाणे नासत होते. मला त्या क्षणी हसू आलं असतं, पण पुढच्या खोलीत काजळी टॉवेलवर पडली होती.

तिने खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोघींनी मिळून काहीतरी काढलंच असतं. तारखा लिहिल्या असत्या, छोट्या पिशव्या आणल्या असत्या, शेजारणीला रोज चहाला बोलावून बरणी तिच्या नाकाखाली धरली असती. आंधळ्या-बहिऱ्याची गाठ पडली तरी संसार होतो. पण बहिऱ्याने आपल्याला सगळं ऐकू येतं म्हणून सांगितलं, तर आंधळ्याने कोणाच्या भरवशावर रस्ता ओलांडायचा?

काजळीला मी एकटीनेच भरवलं. टॉवेलात गुंडाळायची, मांडीवर घ्यायची, सिरिंज दाढेच्या बाजूने आत सरकवायची आणि थेंब थेंब सोडायचं. निम्मं बाहेर यायचं. चिमी दारात उभी राहायची. तिने बरण्या विकून टाकल्या होत्या, पत्र्याचे डबे घासून उन्हात वाळवून परत ओट्याखाली ठेवले होते, प्रत्येक पिशवीवर फोडल्याची तारीख चिकटवली होती. भरवताना काजळीचे पाय धरू का, असं दोनदा विचारलं. नको, म्हणाले मी.

अशीच एक दुपार होती. काजळी मांडीवर, सिरिंज हातात, आणि माझ्या मनात एक गोष्ट आली तसा माझा हात थांबला.

ह्यांचा स्वेटर.

हे गेल्यावर मी त्यांचे सगळे कपडे देऊन टाकले, एक स्वेटर ठेवला. धुतला नाही. कपाटाच्या वरच्या खणात असायचा. अधूनमधून काढायचे, तोंडाशी धरायचे, आणि हे असायचे त्यात. त्यांचा साबण, त्यांची मान, त्यांचा तो हट्टी घाम. ताप आला तेव्हा मला वास गेल्याचं सगळ्यात जास्त दुःख कशाचं झालं असेल तर त्या स्वेटरचं. मग मी तो चिमीकडे द्यायला लागले. तिचाही भाऊच होता. ती डोळे मिटून तो चेहऱ्याला लावायची आणि म्हणायची, आहे गं वहिनी, दादाच आहे. एकदा तर म्हणाली, आज जास्तच येतोय. मी तो घडी करून ठेवायचे आणि त्या एका वाक्यावर पुढचे कित्येक दिवस काढायचे.

मी तिला विचारलं नाही. काय विचारणार? तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं. दाणे नासले ते फेकता आले, डबे घासता आले. पण ताप गेल्यापासून तिने ज्याला ज्याला हो म्हटलं होतं, ते सगळं मी खरं धरून चालले होते, आणि आता त्यातलं काय ठेवायचं नि काय टाकायचं हे मला कळेना. मी काजळीचं तोंड पुसलं आणि पुन्हा सिरिंज भरली.

काजळी जगली. आधी सिरिंजच्या टोकाला चाटायला लागली, मग एका सकाळी उठून डुलत डुलत ताटलीपाशी गेली आणि हुंगून तोंड घातलं. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघराकडे वळून "चि—" एवढं म्हणाले आणि गप्प बसले. ती आतून धावत आली होती. तिने काजळीला खाताना पाहिलं, मला पाहिलं, आणि तशीच परत गेली.

काका काठी टेकत आले. टोपली त्यांच्या हातात देण्याआधी मी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं, चिमीच्या देखतच. काहीही लपवलं नाही आणि काही सौम्यही केलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. काजळीला मांडीवर घेतलं, तिच्या कंबरेची वर आलेली हाडं चाचपली, कान उलटून पाहिले. मी तिला अशीच परत देईन म्हणाले होते आणि ही तशी नव्हती.

"सांगितलंत ते बरं केलंत," काका म्हणाले. "पण पुन्हा हिला इथे ठेवणार नाही."

त्यांच्या जागी मी असते तर मीही ठेवली नसती. मी डॉक्टरीणबाईंच्या पिशवीतले उरलेले दाणे त्यांच्यापुढे केले. त्यांनी चिमटा काढला, नाक आत घातलं आणि म्हणाले, हे चांगलं आहे. एवढंच. एक श्वास, आणि माणसाला कळतं. आमच्या घरात इतके दिवस कोणालाच येत नव्हतं ते या माणसाने बसल्या बसल्या केलं. मी उठले, कपाट उघडलं, स्वेटर आणला आणि त्यांच्यासमोर धरला.

"काका, एवढं एक हुंगून सांगाल?"

"वहिनी, नको," चिमी दारातून म्हणाली.

काकांनी आमच्या दोघींकडे पाहिलं. कोणाचा आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. काजळीला बाजूला ठेवलं, चष्मा काढला आणि स्वेटर दोन्ही हातांनी नाकाशी नेला. घड्याळाचं यंत्र पाहावं तसं त्यांनी ते सावकाश केलं. गळ्यापाशी, मग बाहीपाशी, मग पुन्हा गळ्यापाशी.

"याला कपाटाचा वास येतोय, बाई," ते म्हणाले. "लाकडाचा, जरा दमट. माणसाचा नाही राहिलेला."

"कधी गेला असेल?"

"बरेच दिवस झाले असावेत."

मी त्यांचे आभार मानले. टोपली त्यांच्या रिक्षापर्यंत नेऊन दिली, काजळीच्या फाटक्या कानावरून हात फिरवला. परत आले तर चिमी खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर उचलून घडी करत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिला ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"तुला बरं वाटावं म्हणून म्हणायचे, वहिनी."

"बरं वाटत होतं," मी म्हणाले.

मी तिच्या हातातून स्वेटर घेतला, घडी मोडली, मोरीत नेऊन बादलीत बुडवला. भरपूर साबण लावला. तीन वेळा पाणी बदललं. मागच्या अंगणात दोरीवर घालताना लोकर पाण्याने जड झाली होती आणि एका बाजूला ओढ घेत होती. चिमी आली आणि तिने दुसरं टोक धरायला हात पुढे केला. मी स्वेटर माझ्याकडे ओढून घेतला आणि एकटीनेच वाळत घातला.